एर्गिनीच्या भट्टीतला लग्नाचा पाव

एर्गिनीचा दिवस पहाटे तीनला सुरू व्हायचा. भरडलेले हरभरे तिने आदल्या संध्याकाळी गरम पाण्यात घालून घोंगडीत गुंडाळून ठेवलेले असत. पहाटे त्यावर फेस यायचा, आणि त्या फेसावरच कणीक फुगते. फेस वाट बघत नाही. झोप लागली, उशीर झाला, की तो बसतो आणि पाव विटेसारखा होतो. मी गवंडी, तिची भट्टी मीच बांधली आहे. कौलांचे तुकडे, माती, शेळीचे केस. घर समोरच असल्यामुळे पहाटे तिनं काटक्या मोडल्या की मला जाग यायची, आणि ही बाई माझ्याआधी कामाला लागली याची थोडी लाजही वाटायची.

मंगळवारी आणि शुक्रवारी कानाकिसची बस वर आमच्या वार्सामोला यायची. समुद्राकाठच्या पानोर्मो आणि बाली या गावांतल्या हॉटेलांमधून तो सुट्टीवर आलेली माणसं गोळा करायचा. जर्मन, डच, उन्हानं नाकं भाजलेली, गळ्यात कॅमेरे. सकाळी मठ, मग कुंभारांचं गाव, मग एर्गिनीच्या अंगणात जेवण. उकडलेलं बकरं, त्याच्याच पाण्यात शिजवलेला भात, रानातली भाजी, गरम पाव, शेवटी पेलाभर राकी, द्राक्षाची दारू. माणशी ठरलेले द्राख्मा कानाकिस तिच्या हातात ठेवायचा आणि बस वळवायचा.

पाऊस आला की मात्र बस यायची नाही. अंगणावर होता नुसता द्राक्षाचा मांडव. एर्गिनीला तिथं पक्कं छप्पर हवं होतं, सायप्रसच्या तुळया आणि वर कौलं. छप्पर झालं की बस वसंतात लवकर सुरू होईल, शरदात उशिरापर्यंत येईल, आणि मुलगा याकुमिस याला किनाऱ्यावरच्या हॉटेलात ताटं उचलायला जावं लागणार नाही. नवरा मिखालिस मेंढ्या घेऊन डोंगरात असायचा, त्याच्या चीजवर घर जेमतेम चालायचं. छपराचे पैसे ती बसच्या कमाईतून वेगळे बांधून ठेवत होती. माप मी घेतलं होतं. कानाकिस तर मागेच लागला होता, छप्पर घाल, मी दोन बसेस आणतो.

कानाकिस कोण, ते सांगायला हवं. फार पूर्वी तो दुसऱ्याच्या बसवर ड्रायव्हर होता. एका हिवाळ्यात त्याची बस आमच्या वळणावर चिखलात रुतली. मिखालिसनं खेचर लावून ती काढली आणि त्याला घरी जेवायला नेलं. एर्गिनी तेव्हा पोटुशी होती. हे मूल मी बाप्तिस्म्याला धरणार, त्याचा धर्मपिता होणार, असं कानाकिस तिथंच म्हणाला, आणि त्यानं धरलं. याकुमिसच्या अंगाला तेल त्याच्याच हातचं लागलं. तेव्हापासून ते एकमेकांचे सिंदेक्नो, बाप्तिस्म्यानं जोडलेले भाऊ. आमच्या क्रीटमध्ये सख्ख्या भावाशी भांडण चालतं, सिंदेक्नोशी चालत नाही. त्याच्याकडून कागद लिहून घेणं म्हणजे त्याच्या तोंडावर थुंकणं. म्हणून बस येण्याचा कागद कधी झाला नाही. पुढे कानाकिसच्या स्वतःच्या तीन बसेस झाल्या, तरी नाही.

त्या मे महिन्यात तो बसशिवाय आला. मिठाईचा डबा घेऊन. बहिणीच्या मुलीचं, रोदान्थीचं लग्न ठरलंय म्हणाला, खाली हमरस्त्याजवळ आपली नवी जागा तयार होते आहे, तिथेच. पाव तुझ्याच हातचा हवा.

लग्नाचा पाव विकत मिळत नाही. गोल कड्यासारखा मोठा पाव, त्यावर कणकेचीच फुलं, पाखरं, डाळिंबं, एकेक पाकळी छोट्या कात्रीनं कापलेली. त्याची मजुरी घेत नाहीत. ज्या बायांना बोलावणं जातं त्या स्वतःचं पीठ, स्वतःची अंडी घेऊन येतात, आणि मळताना वाईट शब्द काढत नाहीत, कारण तो नवरीच्या संसाराला लागतो. एर्गिनीनं आठ बायांना बोलावलं. द्राक्षवेलीच्या काटक्यांचे भारे मी नेऊन टाकले. दोन दिवस काम चाललं. कणीक सात वेळा मळायची. ज्यानं मळली नाही त्याला हे ऐकायला सोपं वाटतं. दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांतल्या माझ्या शेजारणीला, गारिफालियाला, मनगटं दुखून पेलासुद्धा धरता येत नव्हता.

कानाकिसनं एक मुलगी पाठवली होती. नवरीची मैत्रीण आहे, आठवणीसाठी फोटो काढेल. ती सगळं विचारायची. पाखराचा डोळा कशाचा, तर लवंगेचा. वरून काय फासता, तर अंड्याचा बलक. भट्टी तापली हे कशावरून कळतं, तर तळ पांढरा पडला की. बाया हौसेनं सांगत होत्या. गाणी म्हणत होत्या.

गारिफालियाची जीभ तिखट. तिनं हात न थांबवता विचारलं, "नवरदेव कुठला गं, पोरी?"

मुलगी म्हणाली, "हेराक्लिओनकडचा असावा."

"असावा? मैत्रीण म्हणवतेस आणि नवरदेव कुठला ते माहीत नाही? उद्या मांडवात चुकून तूच उभी राहशील."

बाया हसल्या. एर्गिनी हसली नाही. लग्नाच्या कणकेवर शंका काढू नये, म्हणाली, आणि विषय तिथंच मिटवला. दुसरं कुठलंही काम असतं तर तिनं त्या पोरीला बसवून सगळं वदवून घेतलं असतं. ती भोळी नव्हती. पण हात त्या कणकेत होते.

शनिवारी आम्ही खाली गेलो. बाया ठेवणीतल्या कपड्यांत, मी माझ्या एकुलत्या एका सुटात. पाव भरतकामाच्या पांढऱ्या फडक्यांत बांधून मांडीवर घेतलेले, गारिफालियाच्या मुलाच्या ट्रकमध्ये मागे बसून. प्रत्येक वळणावर नऊ बाया एकदम पुढे वाकायच्या, पाव सांभाळायला.

नवी जागा म्हणजे एक गाव होतं. माणसं न राहणारं. कमान, विहीर, चार घरं, मधे चौक. मी भिंतीला हात लावला. सिमेंटच्या ठोकळ्यांवर दगडाच्या पातळ चिपा चिकटवलेल्या होत्या. विहिरीत पाणी नव्हतं. भट्टीच्या मागे गॅसची नळी होती. एर्गिनीला मी तेव्हा काही बोललो नाही. कानाकिसची जागा, त्याची आवड.

चौकात बाकांवर पाहुणे बसले होते. जर्मन, डच, भाजलेल्या नाकांचे. एर्गिनी त्यांतल्या दोघातिघांना ओळखत होती, आदल्या आठवड्यात तिनंच त्यांना वाढलं होतं. लिरा वाजायला लागली. नवरी आली. ती तीच फोटोवाली मुलगी होती. तिच्या हाताला धरलेला नवरदेव पानोर्मोच्या एका खानावळीत वेटर होता, त्याला आम्ही सगळे ओळखत होतो, त्याला बायको आणि दोन मुलं होती.

एर्गिनी पाव दोन्ही हातांनी पोटाशी धरून उभी होती. ती पाद्री शोधत होती. पाद्री कुठेच नव्हता.

कानाकिस माइकवर जर्मनमध्ये बोलला. त्यात तिचं नाव आलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि तिचे फोटो काढले. एका बाईनं तिच्या हातातल्या पावाची डाळिंबाची कळी मोडून तोंडात टाकली आणि छान आहे अशी मान हलवली.

मग कानाकिस घाम पुसत जवळ आला.

"सिंदेक्निसा, रागावू नकोस. आधी सांगितलं असतं तर असा पाव केला असतास का? लोकांना लग्न बघायचं असतं. आता दर गुरुवारी करायचंय."

"रोदान्थी कुठे आहे?"

"ती अथेन्सला शिकते."

"आणि बस?"

त्यानं दूर रस्त्याकडे पाहिलं. वरचा घाट वाईट आहे, डिझेल परवडत नाही, लोकांना उलट्या होतात, किनाऱ्यावरून इथं पंधरा मिनिटांत येता येतं, असं बरंच बोलला. शेवटी म्हणाला, तूही ये की खाली. डोक्याला रुमाल बांधून भट्टीपाशी बस. करायचं काही नाही. पाव बेकरीतून येईल, ही पोरगी नक्षी शिकली आहे.

एर्गिनीनं सगळं ऐकून घेतलं. मग हळू आवाजात विचारलं, "याकुमिसला तेल लावलंस, तेव्हा तरी पाद्री खरा होता ना रे?"

कानाकिस लाल झाला. त्याचा इथं काय संबंध, म्हणाला. माइककडून कुणी हाक मारली आणि तो गेला.

आम्ही परत आलो. मोडलेला पाव एर्गिनीनं परत आणला होता, तो तिनं कोंबड्यांना घातला नाही आणि खाल्लाही नाही. चर्चच्या मागच्या कोनाड्यात ठेवून आली. तिथं त्याचं काय झालं मला माहीत नाही.

मंगळवारी ती तीनला उठली. मला काटक्यांचा आवाज आला. कानाकिस बोलला ते खरं असेल यावर तिचा अजून विश्वास बसला नव्हता. सिंदेक्नो लाजेखातर का होईना, निदान एकदा वर येईल. पाव भाजला, भाजी निवडली, बाकं पुसली. बस आली नाही. शुक्रवारीही नाही. त्यानंतर याकुमिस किनाऱ्यावर कामाला गेला, एका हॉटेलात, ताटं उचलायला. माझ्या छपराच्या मापाचं तिनं पुन्हा नाव काढलं नाही.

थोड्या दिवसांनी ती माझ्याकडे आली. ऑलिव्ह गोळा करायला बाई लावली तर सध्या रोज काय पडतो, असं विचारलं. मी सांगितलं. घरी जाऊन तिनं छपरासाठी बांधलेल्या पैशांची गाठ सोडली आणि आठही घरी गेली. प्रत्येकीला दोन दिवसांची मजुरी, शिवाय पीठ-अंड्यांचे पैसे. ट्रकचं पेट्रोल.

गारिफालियाचं घर माझ्या भिंतीला लागून, त्यामुळे तिथलं मी ऐकलं.

"लग्नाच्या कणकेचे पैसे घेऊ मी?" गारिफालिया म्हणाली. "तू मला काय समजलीस?"

"लग्न नव्हतं ते."

"ते त्या मेल्याचं पाप. तुझं काय?"

"तुम्हाला बोलावलं मी. तो नाही आला दारात. माझ्या शब्दावर तुम्ही फुकट राबलात, आणि ते काम धंद्याचं होतं. धर, गारिफालिया. नाहीतर मला रस्त्यात तोंड दाखवता येणार नाही."

मग कपाटाचं दार वाजलं, म्हणजे तिनं पैसे ठेवले असावेत.

शेवटी एर्गिनी माझ्या दारात आली. काटक्यांच्या भाऱ्यांचे आणि माझ्या दिवसाचे पैसे घेऊन. गाठ बरीच रिकामी झालेली दिसत होती. मी नको म्हणणार होतो. जन्मभर मी दगड घडवले, कुणाचा फुकटचा घाम घेतला नाही आणि शेजाऱ्याला दोन भारे काटक्या देताना पैसेही घेतले नाहीत. पण तिनं हात पुढे केला होता, आणि फुकट काम फक्त लग्नाचं असतं; पैसे घेतले नसते तर ते खोटं लग्न तिच्या दृष्टीनं लग्नच राहिलं असतं.

मी घेतले. तिच्यासमोर मोजून घेतले, मजूर घेतो तसे.