जाड डबा

शेषाद्रीपुरम मागे पडलं तरी शिवलीला भराभर चालतच होती. तुटलेली जागा डाख देऊन सांधून आणलेली समई महानंदाबाईंच्या पिशवीतून त्यांच्या पायाला लागत होती. रिक्षावाले हळू होत, शिवलीला हातानेच नको म्हणे. शिवाजीनगरच्या ओतकामाच्या कारखान्यातून निघताना ती एवढंच म्हणाली होती, राजाजीनगरपर्यंत चालू या.

शिवलीला त्यांच्या माडीवरची भाडेकरू, निपाणीकडची पोर. मारतहळ्ळीच्या ऑफिसात सॉफ्टवेअर लिहिते. दवाखान्यात उपचाराला किरणोत्सारी पदार्थ लागतात. ते दिवसागणिक विरतात, आणि विरताना अपायकारक किरण सोडतात. कधी किती सोडतील, डबा शिशाचा किती जाड हवा, हे तिचं सॉफ्टवेअर सांगतं.

परवा चहा पिताना तिचं तिलाच उमगलं. एका पदार्थातून विरताना दुसरा जन्मतो, आणि सुरुवातीला किरण उलट वाढतात. दूध सरतं तसं दही लागतं. तिने नुसत्या दुधाचाच, पहिल्या पदार्थाचाच हिशेब धरला होता. त्या हिशेबाने पातळ ओतलेला डबा काल कारखान्यातून दवाखान्याला निघायचा होता. तिने फोन करून थांबवला.

साहेब म्हणाले, पुढच्या आवृत्तीत सुधारणा म्हणून घालू, गाजावाजा कशाला? तिने विचारलं, मग आधी ओतलेले डबे कोण शोधणार? आणि सगळ्या दवाखान्यांना स्वतःच्या नावाने चूक कळवली. नोकरीचं काय होईल ते सोमवारी कळणार होतं.

आज ती भरलेला डबा उचलणाऱ्या नागराजअण्णांना भेटायला त्या कारखान्यात गेली, तेव्हा महानंदाबाईही समईच्या कामाला बरोबर होत्या. पोरीने अण्णांसमोर उभं राहून कानडीत सगळं सांगितलं. काही गाळलं नाही. अण्णांनी हात पुसले.

"सरी अक्का, बरं. डबा जड झाला तर स्वल्प हळू उचलीन."

देवापुढे कबूल करणं सोपं, महानंदाबाईंना वाटलं. तो उलट बघत नाही. ह्या पोरीने बघणारा माणूस निवडला.

मल्लेश्वरमच्या देवळाशी दोघींनी बाहेरूनच हात जोडले. मग शिवलीला ऑफिसातलं सांगू लागली. नवा हिशेब मांडून झाला होता, पण ऑफिसात वाचला की सगळे मान डोलावतात. त्यांना वाटतं आपल्याला सगळं माहीतच आहे, मग नीट ऐकतं कोण? मागच्या चुकलेल्या हिशेबालाही डोलावलीच होती.

"अक्का, संध्याकाळी दिवा लावून झाला की तुमच्यापुढे वाचते. कळणार नाही तिथे मला अडवा. माझी दया येऊन छान म्हणू नका."