कच्चट वास

हे मी कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, डॉक्टरांना नाही, आणि ज्याला सांगायला हवं होतं त्याला तर नाहीच. मग तुम्हालाच का सांगतोय? ते मलाही नीट कळत नाही. कदाचित तुमचं तोंड मला दिसत नाही म्हणून असेल. समोरच्याचं तोंड पाहून बोलायची मला जन्माची खोड, आणि या गोष्टीत जे काही झालं ते त्या खोडीनंच झालं.

पण थांबा — आधी चिरुटांचं सांगतो. ते सांगायला मला अजूनही बरं वाटतं, ही त्यातली आणखी एक लाजेची गोष्ट.

जुन्नरला मी महसूल खात्यात सर्कल इन्स्पेक्टर होतो. त्याआधी घोडेगावला. दारूबंदी येऊन थोडीच वर्षं झाली होती, आणि आमच्या डॉक्टरांच्या ओसरीवर रविवारी दुपारी जमणारी मंडळी कोरडी पडली होती. डॉक्टर, एक वकील, मंचरहून बसनं येणारे एक सुभेदार आणि मी. सुभेदार लढाईत इटलीपर्यंत जाऊन आलेले. तिकडून त्यांनी एक बारीकशी लंगड आणि चिरुटाची चटक आणली होती. ती चटक त्यांनी आम्हाला लावली. कुणी मुंबईहून हवानाचे मागवी, कुणी ब्रह्मदेशाचे, कुणी त्रिचनापल्लीचे. एवढ्या महागड्या वस्तू नुसत्या ओढून टाकायच्या? मग परीक्षा सुरू झाली. डॉक्टर चिरुटांवरच्या रंगीत कागदी कड्या काढून टाकायचे आणि ते उघडेबोडके इंजेक्शनच्या ट्रेमध्ये मांडायचे. कोणता कुठला ते कळू नये म्हणून. एक ओढायचा, गार पाण्याची चूळ भरायची, दुसरा पेटवायचा.

मार्क कसे द्यायचे, असा प्रश्न निघाला तेव्हा वकील म्हणाले, सर्कलसाहेब बसलेत की, आणेवारी लावतील.

आणेवारी हे आमचं कामच. बांधावर उभं राहायचं, कणीस हातावर चोळायचं आणि सांगायचं — सोळा आण्यांत ही बाजरी दहा आणे, ते भात आठ. सहाच्या खाली गेलं की पीक बुडालं म्हणायचं. तीच आणेवारी मी चिरुटांना लावू लागलो, आणि काय सांगू, लोकांना ती भारी आवडली. "पहिल्या झुरक्याला हा उद्धट आहे, पण नंतर माणसांत येतो. अकरा आणे." "याच्या धुराला जुन्या लाकडी पेटीचा वास आहे. चौदा." ओसरी हसायची, माना डोलवायची. वर्षाच्या आत माझं नाव झालं. जुन्नरात सर्कलसाहेबांचं नाक म्हणजे नाक, असं लोक म्हणू लागले.

आता सांगतो. मला वास येत नाही.

कमी येतो असं नाही — येतच नाही. लहानपणी नाकाचं दुखणं झालं, त्यात गेला तो गेलाच. जिभेला कडू-गोड-तिखट कळतं, तेवढंच. बायकोनं तूप कढवलेलं दिसलं की मी म्हणे, वा, काय घमघमाट सुटलाय! आंबेगावच्या डोंगराकडच्या गावांत लोक कौतुकानं आंबेमोहराची मूठ नाकाशी धरीत, मी डोळे मिटून मान हलवी. माझी बायको एवढ्या वर्षांत कधी काही बोलली नाही. तिला कळलं होतं का? असेलही. विचारायचं धैर्य मला झालं नाही.

मग मी आणे कशावर देत होतो? चेहऱ्यांवर. सुभेदार आधी ओढायचे. त्यांचे डोळे मिटले की चिरूट बारा आण्यांच्या वर. त्यांनी राख झटकायची घाई केली की आठाच्या खाली. वरचे शब्द माझे. शब्दांना नाक लागत नाही.

यात वाईट काय, असं तुम्ही म्हणाल. रिकामटेकड्यांचा खेळ. मीही तेच म्हणत आलो — हुसेनभाई यायच्या आधीपर्यंत.

हुसेनभाई जुन्नरच्या हातकागद करणाऱ्या घराण्यातला. तो धंदा केव्हाच बसला होता. त्याचा मेहुणा त्रिचनापल्लीला चिरुटाच्या कारखान्यात होता. त्याच्याकडे राहून हा काम शिकून आला, येताना तंबाखूच्या पानाची गाठोडी घेऊन आला. बापाबरोबर कागद घोटून घोटून बोटं अशी झाली होती की त्यानं वळलेल्या चिरुटाला कुठे शीर दिसायची नाही, सुरकुती दिसायची नाही. घर विकून भिवंडीला मागावर जायचं की जुन्नरातच राहून हे करायचं, एवढाच त्याच्यापुढे प्रश्न होता. वकिलांनी पुण्याच्या कॅम्पातल्या एका दुकानदाराला गाठलं. क्लबांना, हॉटेलांना माल पुरवणारा माणूस. तो म्हणाला, येतो एका रविवारी. तुमच्या त्या आणेवारीवाल्यांनी चांगला म्हटला तर दरमहा घेईन.

तो रविवार आला आणि सुभेदार आले नाहीत. मंचरला त्यांच्या पुतणीचं लग्न होतं.

दुकानदाराचा चेहरा कोरा. व्यापारीच तो, त्याच्या तोंडावर काय वाचणार? वकील आणि डॉक्टर माझ्याकडे बघत बसलेले. हुसेनभाई ओसरीच्या पायरीवर, टोपी गुडघ्यावर ठेवून. मी चिरूट पेटवला. कडू लागला — सगळेच लागतात. धूर सोडला. आता काय बोलायचं? चांगला म्हणावं, तर गावच्या माणसाला झुकतं माप दिलं म्हणतील. बरा म्हणावं, तर एवढंच होय, म्हणतील. नावं ठेवणारा माणूस मात्र नेहमी जाणकार वाटतो. हे मी तेव्हा एवढं सरळ मनात आणलं होतं का? की आज लावतोय? खरंच सांगता येत नाही. माझ्या तोंडून निघालं ते एवढंच —

"पान मुरलेलं नाही. कच्चट वास आहे. पाच आणे."

सहाच्या खाली. पीक बुडालं.

दुकानदारानं एक-दोन झुरके घेतले, हो म्हणाला, आहे खरा जरासा. त्याला तो आला? की माझ्या तोंडाकडे बघून आला? तो संध्याकाळच्या गाडीनं पुण्याला गेला. हुसेनभाई वाद घालेल असं मला वाटलं होतं, घातला असता तर बरं झालं असतं. त्यानं ट्रेमधला उरलेला चिरूट उचलला, नाकाशी धरला, पुन्हा धरला, आणि मला विचारलं, "लई कच्चा हाय का, साहेब?"

मी म्हणालो, लई नाही. थोडा आहे.

इथेच संपलं असतं तर मी ते विसरलोही असतो, एवढा मी काही सज्जन नाही. पण तो पुन्हा आला. पंधरवड्यानं कचेरीत आला, धोतराच्या फडक्यात गुंडाळलेले चार चिरूट घेऊन. पान ओल्या पोत्यांत घालून पुन्हा मुरवलं होतं. "बघा साहेब, गेला का आता?"

गेला, म्हणायला काय लागत होतं? वकिलांकडून पुण्याला एक निरोप गेला असता. पण मग दुकानदार येईल, सुभेदार येतील, त्यांनी तोंड वाकडं केलं तर? माझा आकडा खोटा पडला तर? मी नाकाशी धरला, बघणाऱ्याला पटेल इतका वेळ धरला, आणि म्हणालो, "थोडा आहे अजून."

असं तो येत राहिला. पावसाळाभर. मी "थोडा आहे" म्हणत राहिलो. नसलेला — की असलेला? — वास घालवायला तो पानाला ओलं करी, दाबून ठेवी, उलटसुलट करी. त्याची बायको एकदा माझ्या घरी शेवया घेऊन आली आणि माझ्या बायकोला म्हणाली, "रातीचं उठून पोत्यात नाक खुपसून बसत्यात. साहेबांला येतो तो वास मला का येत न्हाई, म्हणत्यात." बायकोनं मला ते सांगितलं आणि माझ्याकडे नुसतं पाहिलं. मी शेवया खाल्ल्या. गोड होत्या, एवढं मला कळलं.

भाद्रपदात पानाला बुरशी धरली. गाठोडीच्या गाठोडी त्यानं उकिरड्यावर टाकली.

आता माझा गोंधळ ऐका, कारण इतकी वर्षं मी त्यातून बाहेर आलेलो नाही. दिवाळीच्या सुमाराला मी सुभेदारांना एकटं गाठून विचारलं. हुसेनच्या पहिल्या खेपेचा एक चिरूट माझ्याकडे राहिला होता, तो त्यांना ओढायला दिला. कसा वाटतो? त्यांनी दोन-चार झुरके घेतले आणि माझ्याकडे बघत राहिले. मी मुद्दाम तोंड हलवलं नाही. शेवटी ते हसले. "सर्कल, तुमी आधी सांगा. आपल्याला त्यातलं काय कळतंय राव? तुमी जरा मान हलवली की मी डोळं मिटायचो."

म्हणजे मी त्यांच्याकडे बघत होतो आणि ते माझ्याकडे. मग ते चौदा आणे कुणाचे होते? ते अकरा? आणि ते पाच? हुसेनभाईचं पान खरोखरच कच्चं होतं का? असेलही! नवशिका माणूस, पहिलंच पान. मी बोललो ते चुकून खरंही असेल. कधीकधी मी मनाला तेवढंच सांगतो, आणि मग वाटतं, हे तर जास्तच वाईट. मी एका माणसाचं काय बुडवलं हेही मला माहीत नाही. माझ्याकडच्या मापात ते मोजताच येत नाही. एखादं वाटोळं केलं असेल तर निदान ते केवढं, हे तरी माणसाला ठाऊक असावं की नाही?

बरं, कबुली देऊन दुकानदाराला परत बोलवायचं म्हटलं तर पान संपलेलं होतं. आणि संपलेलं नसतं तर मी बोलवलं असतं का? — राहू द्या. नसतं.

हुसेनभाई आणि त्याच्या बायकोनं घर विकलं. भिवंडीला निघाले त्या सकाळी मी एसटी स्टँडवर गेलो. का गेलो? सांगायला गेलो होतो, असं मी पुढे कित्येक वर्षं धरून चाललो. गाडीच्या टपावर त्याची ट्रंक चढवत होते. त्याची बायको खिडकीशी बसली होती, तिनं माझ्याकडे पाहिलं नाही. हुसेनभाई मात्र खाली उतरला, माझा हात दोन्ही हातांत घेतला. ते घोटून गुळगुळीत झालेले हात. त्याला माझा राग नव्हता. माझ्यावर त्याचा विश्वास होता, आणि तोच मला सहन होईना.

म्हणाला, "साहेब, जाताना एक सांगू का? मला तर त्यो वास कवाच आला न्हाई. पयल्यापासून न्हाई. माझंच नाक मेलं म्हनायचं."

"मलाही." एवढा एक शब्द होता. त्याहून जास्त काही लागत नव्हतं. त्याचं नाक त्याला परत मिळालं असतं.

कंडक्टरनं घंटा मारली. तो अजून माझ्या तोंडाकडे बघत होता.

मी म्हणालो, "होता. थोडा होता."