अर्धा उंडा

हे मी आजवर कुणालाच सांगितलं न्हाई. नवऱ्याला न्हाई, पोटच्या लेकीला न्हाई. तुम्हाला कामून सांगायलेय — मलाच ठावं न्हाई.

येळवशीच्या अमावस्येला आमच्या निंबर्ग्यात घरंच्या घरं शेतात जातात. कडब्याच्या खोपीत पांडवांची पूजा करायची. आंबील, भज्जी, बाजरीचे उंडे देवाला दाखवायचे, मग आपण जेवायचं. नैवेद्याचं ताट डोक्यावरून न्यायचा मान थोरल्या सुनेचा. म्हणजे अक्काचा — माझ्या थोरल्या जावेचा. तिला मूलबाळ न्हाई. त्या घरात तेवढा एकच मान होता तिला.

त्या साली मी पोटुशी होते. वाटेत अक्का विहिरीत पाय धुवायला उतरली, ताट माझ्यापाशी ठेवून. देवाच्या आधी तोंड लावू न्हाई, हे का मला ठावं नव्हतं? तरी कापड उचललं. उंड्याचा घास घेतला — अन् अक्का वर यायलेली दिसली, तसा उरलेला अर्धा ताटातच खुपसला. उष्टा.

खोपीत सासूनं कापड काढलं. दातांची खूण दिसली. ताट अक्काच्या डोक्यावरून आलेलं, मग दुसरं कुणाचं नाव निघणार? "पोर न्हाई तर न्हाई, देवाचं तरी सोडायचं हुतं गं!" सगळ्यांदेखत म्हणाली. अक्का नुसती "म्या न्हाई, म्या न्हाई" करत राह्यली. ताट माझ्यापाशी होतं, हे तिला सांगता आलं असतं की! सांगितलं न्हाई. मी भुईकडं बघत बसले.

भ्याले म्हणू? छे! पोटुशीला कोण रागावतंय? डोहाळे लागले म्हणून हसले असते सगळे. मग गप कामून बसले? — ते ताट मला पायजे होतं. मिळालंबी. पुढच्या येळवशीपासून ताट माझ्या डोक्यावर, अन् अक्का मागून पाण्याची घागर घेऊन.

तवा पोटात होती ती लेक आता सासरी नांदायलीय. सासू गेली. औंदा मीच ताट अक्कापुढं धरलं. म्हणलं, अक्का, तू घे. न बोलता फिटंल, असं वाटलं मला — लाज बघा माझी.

तिनं हात मागं घेतले. "नको गं बाई. तवा भुकंच्या भरात मीच खाल्ला आसंल. आता याद बी न्हाई बघ."

माणसं पुढं चालायली होती. मी ताट उचललं, डोक्यावर घेतलं अन् निघाले.