सई कानात कुजबुजली तेव्हा

मैत्रिणींनो, दुपारपासून एक गोष्ट मनातून जात नाही, म्हणून लिहिते आहे.

तिसरीतल्या सईला शाळेतून स्कूटीवर घरी आणत होते. श्रीरामपूरच्या मेन रोडवर मागे बसून तिची मोठमोठ्याने बडबड चालली होती. मग ती एकदम माझ्या कानाशी आली आणि कुजबुजली, “आई, माझ्या बाकावर आता अल्फिया बसते.”

“भांडलात का गं?”

“नाही. आवडते मला ती.”

“मग हळू का सांगतेस?”

“मुसलमान आहे ना ती. तू आणि बाबा पण हे हळूच बोलता.”

आमच्या घरात कुणाबद्दल वाईट बोलत नाहीत, असं मी आजवर अभिमानाने सांगत आले. आवाज खाली घेणं मला सभ्यपणाचंच वाटायचं.

“अल्फियासमोरही असंच बोलतेस?”

“हो. आता ती पण तिचं नाव हळूच सांगते. नवीन सर चिडले तिच्यावर, मोठ्याने सांग म्हणाले.”

संध्याकाळी शेवगावहून नणंदेचा फोन आला. “वहिनी, तुमच्या समोर कोण राहायला आलं?” तिने सहज विचारलं. “मुसलमान आहेत,” मी म्हणाले, आणि म्हणताना माझा आवाज खाली गेला होता. गृहपाठ करणाऱ्या सईने मान वर करून माझ्याकडे पाहिलं.

उद्या शाळेच्या गेटवर मी अल्फियाला मोठ्याने हाक मारीन. पण सई ऐकते तो आवाज घरातला आहे. तुमच्या मुलांनी तुमचं काय ऐकून ठेवलंय, कधी विचारलंत?