घण मारणारीचा गुडघा

आमच्या आणि लोहाराच्या घरात एकच भिंत आहे, आणि ती भिंत रोज मार खाते. पलीकडे भट्टी, ऐरण आणि घण. घाव पडला की आमच्या फळीवरची भांडी किणकिणतात. हा घण लोहार मारत नाही, त्याची बायको मारते. आम्ही तिला वहिनी म्हणतो. गल्लीतली टवाळ पोरं पाठीमागे घणाबाई म्हणतात. समोर म्हणायची कुणाची छाती नाही.

त्या दोघांची कामाची एक रीत आहे. लोहार डाव्या हातातल्या सांडशीने लाल लोखंड धरतो, उजव्या हातातल्या छोट्या हातोडीने जागा दाखवतो आणि त्याच जागी लगेच वहिनीचा घण पडतो. मध्ये विचारायचं नाही. विचारत बसलं तर लोखंड निवतं, आणि नेम चुकला तर समोरच्याची बोटं जातात. लोहाराची बोटं अजून जागेवर आहेत, यावरून वहिनीचा हात ओळखावा. तो मात्र कधी तोंडभरून बोलला नाही. राग नाकावर. मनासारखं पातं उतरलं नाही की हातातलं भिरकावायचं. भिंतीवर, दारावर, माणसावर. वहिनीच्या आधी घणासाठी ठेवलेले गडी टिकत नसत. त्यातला एक आमच्या दारात पाणी प्यायला थांबला आणि म्हणाला, "डोक्यावरून कानस गेली ताई. केस वाचले, एवढीच कमाई."

मग वहिनीचा उजवा गुडघा बसला. सकाळी उठताना आत वाळू भरल्यासारखा करकरायचा, आणि पाय पूर्ण सरळच होईना. दवाखान्यात सोबतीला मी गेले होते. हाडांच्या टोकांवरची गादी झिजली होती, कंबरेचे मणकेही त्याच वाटेला लागले होते. झीज भरून येत नाही, असं डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं आणि व्यायामाच्या मॅडमकडे पाठवलं.

मॅडम वयाने लहान, पण बोलायला ठाम. "पडून राहिलात तर स्नायू आटतील आणि सगळा भार हाडावर येईल. म्हणून हलायचं. पण हिसका नाही, उड्या नाहीत, घण तर नाहीच. खुर्चीत बसून पाय सावकाश उचलायचा, थोडा वेळ धरायचा, सावकाश खाली. थोडं दुखलं तर चालेल. दुसऱ्या दिवशीही ठणकत राहिला, सूज आली, तर आदल्या दिवशी जास्त झालं असं समजायचं. आणि जेवढा तुमच्या ताकदीने सरळ होतो तेवढाच. दुसऱ्या कुणी दाबायचा नाही."

वहिनी रोज बसू लागली. पाय उचलायची, घामाघूम व्हायची, खाली सोडायची. लोहार येता जाता बघायचा.

"याला व्यायाम म्हणतात? हवेत पाय धरून बसायचं? मग माझी भट्टी तर पैलवानच झाली."

"तुम्ही तुमचं बघा."

"माझं काय बघू? ऐरणीवर कोण उभं राहणार, तुझी मॅडम?"

बोलणं तिथे थांबत नसे. एकदा पाण्याची बादली फुटली, एकदा दाराची कडी. आमच्याकडे जेवताना घास हातात राहायचा. वहिनीला त्याच्या ओरडण्याचं काही वाटत नसे. तिला खात होतं ते वेगळंच. तिला परत घणाला उभं राहायचं होतं. मला म्हणाली, "अहो, आता माझ्या जागी ठेवलेला गडी घण मारतो ना, त्याचा आवाजच पोकळ येतो. मला इथे झोप लागत नाही."

म्हणून तर तिने नवऱ्याचं ऐकलं. लोहार शांतपणे, अगदी समजुतीने म्हणाला होता, "वाकलेलं पातं आपण कसं सरळ करतो? आधी ताव, मग दाब. तुझी मॅडम तावच देत नाही. मी दाखवतो तिथे तू घण घालतेस ना न विचारता? आज मी दाबतो, तू विचारू नकोस."

तिने विचारलं नाही. बाकावर आडवी झाली. त्याने कढत पाण्यात पिळलेली फडकी गुडघ्यावर टाकली, कातडी लाल होईपर्यंत. मग टाचेखाली लाकडाचा ठोकळा लावला आणि दोन्ही तळहात गुडघ्यावर ठेवून अंगाचं सगळं वजन घातलं.

भिंतीपलीकडून मी लोखंडाचे सगळे आवाज ऐकले आहेत. हा त्यातला नव्हता. मी धावत गेले तेव्हा वहिनी खाली पडली होती, ओठ दातांखाली फाटला होता, आणि लोहार तिच्यावरच खेकसत होता. "हललीस कशाला? हललीस म्हणून झालं." भ्यालेला माणूस इतका ओरडतो हे मी तेव्हा पाहिलं.

गुडघा मडक्याएवढा झाला. दवाखान्यात मॅडमनी विचारलं, "काय झालं?"

"पडले," वहिनी म्हणाली.

मॅडमनी गुडघ्यावरची बोटांचे वळ पाहिले, भाजल्याचे डाग पाहिले. "नशीब, हाड मोडलं नाही," त्या म्हणाल्या. "थंड शेक, आराम, आणि सूज उतरली की पहिल्यापासून. पण हे पुन्हा झालं तर पायावर भार देणं विसरा. कोण दाबतं ते मी विचारत नाही. तुम्ही त्याला काय सांगणार, ते ठरवा."



सूज उतरली तशी ती पुन्हा खुर्चीत बसली. आता मागच्या खोलीत नाही, भट्टीच्या समोर, रस्त्याकडचं दार सताड उघडं टाकून. त्याच दुपारी नवा गडी पळाला. लोहार तापलेलाच आत आला. माझ्या हातात त्यांच्याकडे धार लावायला आणलेली विळी होती, मी दारातच थिजले.

"त्या दिवशी अर्धवट राहिलं ते आज पुरं करू," म्हणत त्याने खाली वाकून तिची टाच धरली.

"सोडा."

"एकदाच. कळ येईल, मग मोकळा."

"जन्मात पहिल्यांदा माझे पाय धरलेत, आणि तेही मोडायला?"

त्याने टाच सोडली नाही, वर उचलली. वहिनीने शेजारची सांडशी घेतली आणि त्याच्या मनगटावर घातली. घणाच्या सवयीचा हात तो. जागा चुकला नाही. तो कळवळून मागे कोसळला, राखेत बसला. मग उठला आणि डावा हात उगारला. ती उठू शकत नव्हती, मागे सरकू शकत नव्हती. तिने फक्त सांडशीचं तोंड भट्टीतल्या निखाऱ्यांत खुपसलं.

"आत्ताची गार होती," ती म्हणाली. "पुढची बघा."

रस्त्यावर माणसं थांबली होती. लोहाराचा हात तसाच वर राहिला. ती पुढे बोलत होती, आवाज न चढवता. "लोखंड वाकलं तर तुम्ही पुन्हा तापवाल. हा मोडला तर मी संडासलाही तुमच्या खांद्यावर जाणार. उचलाल रोज? घण मी आता मारणार नाही. मलाही तो सोडवत नव्हता, म्हणून मी गुडघा तुमच्या हातात दिला. आता देणार नाही."

हात खाली आला. मनगट टम्म फुगलं होतं, ते त्याने पोटाशी धरलं. "मग मी काय करू?" त्याने विचारलं. इतक्या वर्षांत तिला काही विचारताना मी त्याला पहिल्यांदाच ऐकलं.

"मॅडमनी आजपासून उठून उभं राहायला सांगितलंय. ही खुर्ची फरशीवर मागे सरकते. पाठीमागून धरा. पायाला हात लावायचा नाही."

तो तिच्या मागे गेला आणि बऱ्या हाताने खुर्चीची पाठ धरली. वहिनी पुढे झुकली, हात मांडीवर टेकले, दातओठ खात वर आली. पाय पुरता सरळ नव्हता. तरी ती उभी होती. खुर्ची जराही सरकली नाही.

"झालं?" लोहाराने मागून विचारलं.

"नाही. आता सावकाश बसायचंय. गप्प धरून उभे राहा."