पाहुण्याची कैरी

मी गडचिरोलीतल्या एका सरकारी कचेरीत कारकून आहे आणि उरलेल्या वेळात फोटो काढतो. माझी बायको हेच वाक्य उलटं सांगते. तिच्या मते मी फोटो काढतो आणि उरलेल्या वेळात कचेरीत जातो. ती सरकारी दवाखान्यात नर्स आहे, त्यामुळे तिचं बोलणं लोकांना खरं वाटतं.

या भागात गळ्यात कॅमेरा अडकवून हिंडणाऱ्या माणसाला पहिला प्रश्न ठरलेला असतो, वाघ दिसला का? चंद्रपूरला बहिणीकडे गेलो तर तिच्या बिल्डिंगचा वॉचमनसुद्धा हेच विचारतो. माझ्याकडे वाघाचा एकच फोटो आहे आणि त्यात वाघ कुठे आहे ते बोट ठेवून दाखवावं लागतं. तरी काही लोकांना तो बांबूच वाटतो. खरं सांगायचं तर मला वाघाचं फारसं पडलेलं नाही. त्याचे फोटो काढायला देशभरातून लोक येतात, माझ्यावाचून त्याचं काही अडत नाही. मला चंद्रपूरच्या किल्ल्याच्या दरवाजातून एकाच वेळी घुसणारी म्हैस, ऑटो आणि लग्नाचा घोडा यांचा फोटो जास्त आवडतो. तो मी काढलाय, आणि घोड्यावरचा नवरदेव नेमका माझ्याकडेच रागाने बघतोय.

माझं बालपण राजुऱ्याला गेलं, वडील कोळशाच्या खाणीत होते. दोरीवर वाळत घातलेला पांढरा सदरा संध्याकाळपर्यंत करडा व्हायचा. त्यामुळे असेल, स्वच्छ उजेड दिसला की मला राहवत नाही. सुट्टी मिळाली की मी मोटरसायकल काढतो. मार्कंड्याच्या देवळांवर सकाळचं ऊन पडतं तेव्हा दगडातल्या बायका नुकत्या आंघोळ करून आल्यासारख्या दिसतात. सिरोंचाला गोदावरीच्या काठी एका कोळ्याने मला तेलुगूत बराच वेळ काहीतरी सांगितलं. मी मान डोलवत राहिलो. शेवटी त्याने माझ्या हातात एक जिवंत मासा दिला. मी नेमका कशाला हो म्हणालो होतो, ते मला आजही ठाऊक नाही. मासा मात्र चविष्ट होता.

पण सगळ्यात जास्त फोटो मी सासुरवाडीत काढले. आणि जे सांगायला बसलोय ते तिथलंच आहे.

सासुरवाडी एटापल्लीच्या पुढे, डांबरी रस्ता सोडून आत. वाटेत पोलिसांचा कॅम्प लागतो. तिथे कॅमेऱ्याची बॅग उघडायला लावतात, फोटो एकेक करून बघतात आणि शेवटी कोणीतरी हळूच म्हणतो, साहेब, माझाही एक काढा, घरी पाठवतो. मग बाकीचे रांगेत उभे राहतात. बायको झाडाखाली बसून घड्याळ बघत राहते.

ती गोंड, मी नाही. एटापल्लीला माझी बदली झाली तेव्हा ती तिथल्या दवाखान्यात होती. मी हिवतापाने आडवा झालो आणि बरा झाल्यावरही औषधाच्या निमित्ताने जात राहिलो. लग्नाचं ठरवून तिच्या घरी गेलो तेव्हा सासऱ्यांनी मला बाजेवर बसवलं आणि एकच प्रश्न विचारला, तुमचे देव किती? गोंडांमध्ये प्रत्येक कुळाचे देव मोजलेले असतात आणि त्या आकड्यावरून सोयरीक जुळते की नाही ते ठरतं. मला हे काही माहीत नव्हतं. मी मनातल्या मनात आईचा देव्हारा मोजला आणि म्हणालो, फोटो धरून दहा-बारा असतील. सगळं घर हसलं. सासरे हसले नाहीत. माझ्याकडे बघून ते फक्त म्हणाले, बसा, जेवून जा.

त्यांनी लग्नाला नाही म्हटलं नाही, आदळआपट केली नाही. मला मात्र त्यांनी कधी घरातला धरला नाही. दोन्ही मेहुण्यांशी ते गोंडीत बोलायचे, त्यांना कामाला लावायचे, वेळ पडली तर चारचौघांत झाडायचे. माझ्याशी मराठीत, मोजकं आणि अदबीने. पाहुणे, बसा. पाहुणे, पाणी घ्या. मी मोहफुलं वेचायला टोपली उचलली की ते टोपली काढून घेत आणि म्हणत, पाहुणे, तुम्ही फोटो काढा. आमच्याकडे जावयाला पाहुणे म्हणतातच, त्यामुळे बरीच वर्षं मला त्यात काही वावगं वाटलं नाही. तरी आत कुठेतरी टोचायचं. माझे वडील मी लहान असतानाच गेले. कोणीतरी हक्काने रागवावं असं मला फार वाटायचं. हे बायकोला कधी बोललो नव्हतो.

माझा एकच आधार होता, कैरी.

उन्हाळ्यात आम्ही गेलो की सासरे अंगणातल्या आंब्याखाली पडलेली एखादी चांगली कैरी निवडायचे, धोतराला पुसायचे, विळ्याने फोडी करायचे आणि तिखटमीठ लावून पळसाच्या पानाच्या द्रोणात माझ्यापुढे ठेवायचे. फक्त माझ्यापुढे. मेहुणे नुसते बघत राहत. बायको तोंड फिरवायची. तिला मी म्हटलं की एक फोड घे, तर म्हणायची, दात आंबतात. घरीसुद्धा उन्हाळ्याच्या सुरुवातीला ती कैरीला शिवत नसे आणि पुढे अचानक खायला लागे. मी म्हणायचो, लहर आहे एकेकाची. पण हा द्रोण एकट्या मला मिळतो, म्हणजे म्हातारा बोलत नसला तरी मनात माया आहे, असा मी अर्थ लावला होता. मी मिटक्या मारत खायचो.

एका वर्षी त्या द्रोणाचा फोटो फार सुरेख आला. हिरव्या पानात पांढऱ्या फोडी, वर लाल तिखट, आणि कडेला सासऱ्यांचा अंगठा. त्यांनी स्वतःचा फोटो कधी काढू दिला नाही, तेव्हा तो अंगठा म्हणजे मोठीच कमाई होती. मी तो मोठा करून फ्रेम केला आणि बैठकीच्या खोलीत लावला. आल्यागेल्याला अभिमानाने सांगायचो, हा आमच्या सासऱ्यांनी केलेला मान.

आमच्या कचेरीत हिशेब विभागात एक बाई आहेत, कोरचीकडच्या, त्याही गोंड. सत्यनारायणाला घरी आल्या. फोटोपुढे उभ्या राहिल्या, माझं भाषण ऐकलं आणि पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. मी विचारलं, काय झालं? त्या म्हणाल्या, "भाऊ, पंडुम व्हायच्या आधी आमच्यात कोणी नवा आंबा तोंडात टाकत नाई. गावाच्या देवाले दिल्याबिगर कसा खायचा? पाहुण्याले चालते. त्याचा देव येगळा."

पंडुम म्हणजे सण. झाडाला नवं फळ आलं की गायता, म्हणजे गावचा पुजारी, ते आधी देवाला आणि पूर्वजांना दाखवतो. त्यानंतर गाव खातं. तोवर गावातलं शेंबडं पोरसुद्धा पडलेली कैरी उचलून चाटत नाही. सासरे मला इतकी वर्षं जो मान देत होते त्याचा अर्थ एवढाच होता की हा आपला नव्हे, याला नियम नाही, खाऊ दे.

पाहुणे गेल्यावर मी भिंतीवरचा फोटो काढला आणि कपाटामागे टाकला. मग बायकोवर उखडलो. तुला माहीत होतं, तू मला सांगितलं नाहीस, मी सगळ्या गावापुढे द्रोण चाटूनपुसून खात होतो. ती शांतपणे भांडी आवरत होती. शेवटी म्हणाली, "तुम्ही एवढे खूश होऊन खात होते. मले सांगवलं नाई." सकाळी उठून बघतो तर फोटो परत भिंतीवर. म्हणाली, फोटो चांगला आहे, त्यानं काय केलं?

पुढच्या उन्हाळ्यात मी मनाशी ठरवून गेलो. सासऱ्यांनी द्रोण पुढे केला, मी हात जोडले आणि म्हणालो, मामाजी, पंडुम झाल्यावर खाईन. मला वाटलं होतं, ते चमकतील, पाठीवर हात ठेवतील. पोलीस कॅम्पपासून मी तेच चित्र रंगवत आलो होतो. त्यांनी क्षणभर माझ्याकडे बघितलं, तुमची मर्जी म्हणाले आणि द्रोण घराबाहेर ठेवून दिला. शेळीने तो पानासकट खाल्ला. मी चांगलाच तोंडघशी पडलो. घरातलं माणूस आपण होऊन होता येत नाही, तेवढं कळलं. परतीच्या वाटेवर मी एकही फोटो काढला नाही. बायकोने कपाळाला हात लावून ताप आहे का बघितलं.

त्या हिवाळ्यात सासऱ्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन ठरलं. मोतीबिंदू पिकला होता. ते प्रथमच आमच्या घरी राहायला आले. पट्टी निघाल्यावर त्यांना जग इतकं लख्ख दिसायला लागलं की ते दिवसभर खिडकीतून रस्ता बघत बसायचे आणि जाणाऱ्या प्रत्येक ट्रकचा रंग बायकोला सांगायचे. मी त्यांना मोटरसायकलवर मागे बसवून वैनगंगेचा पूल दाखवून आणला. पुलावर त्यांनी माझा खांदा घट्ट धरला होता. उतरल्यावर लगेच सोडला.

मग एका दुपारी ते भिंतीवरचे फोटो बघत हिंडले. किल्ल्याच्या दरवाजातली म्हैस त्यांना पसंत पडली, नवरदेव पडला नाही. द्रोणाच्या फोटोपुढे मात्र ते बराच वेळ थांबले. स्वतःचा अंगठा ओळखला असावा. म्हणाले, "हे काऊन लावलं?"

मी चहा गाळत होतो. खोटं बोलायचं मनात आलं, पण बोललो नाही. म्हणालो, मामाजी, तुम्ही दिलेली कैरी आहे. तेव्हा मला वाटायचं, तुम्ही मला आपला समजून देता. नंतर कळलं, तसं नाही. पण फोटो चांगला आला होता, राहू दिला.

त्यांनी चहा घेतला, बशी खाली ठेवली आणि पुन्हा खिडकीत जाऊन बसले. त्या दुपारी ट्रकचे रंग कोणी सांगितले नाहीत. दोन दिवसांनी मेहुणा त्यांना घेऊन गेला. निघताना नेहमीसारखेच म्हणाले, पाहुणे, येतो. मी मनात म्हटलं, संपलं. आता त्याचं वाईट वाटून घ्यायचं नाही.

उन्हाळा आला. आम्ही गेलो तेव्हा अंगणात कोणी नव्हतं. ऊन पानांतून गाळून खाली येत होतं आणि शेणाने सारवलेल्या जमिनीवर एक कैरी अशी पडली होती की कोणीतरी मुद्दाम मांडून ठेवावी. मी पोटावर आडवा होऊन तिचे फोटो काढले, या बाजूने, त्या बाजूने, अगदी जवळून. कॅमेरा हातात असला की मी बाकी सगळं विसरतो, ही बायकोची जुनी तक्रार आहे. प्रवासाने घसा कोरडा पडला होता. फोटो झाले, मी कैरी उचलली, सदऱ्याला पुसली आणि तोंडाजवळ नेली.

मागून सासरे ओरडले. आधी गोंडीत, भराभर, मेहुण्यांना झाडतात अगदी तसे. मला एक शब्द कळला नाही. मग जवळ येऊन त्यांनी माझ्या हातातली कैरी हिसकावली आणि मला कळेल अशा भाषेत म्हणाले, "पंडुम झाला नाई अजून. अक्कल नाई का तुले?"

तुले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

दारात सासूबाई उभ्या होत्या. मेहुणे कोपऱ्यावर थांबले होते आणि आज आपल्याऐवजी दुसऱ्याला बोलणी बसतायत म्हणून खुशीत दिसत होते. मी तसाच धुळीने माखलेला जमिनीवर बसून होतो आणि माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. मी ते थांबवायचा प्रयत्नही केला नाही. मला इतकं बरं कधीच वाटलं नव्हतं. बायकोला सगळं कळलं, ती तोंड फिरवून डोळे पुसत होती आणि हसतही होती.

सासऱ्यांना मात्र वाटलं, आपण जरा जास्तच बोललो. त्यांनी कैरी आंब्याच्या बुंध्याशी ठेवली, माझ्या दंडाला धरून मला उठवलं आणि सदऱ्यावरची धूळ झटकली.

"रडतं काऊन," ते म्हणाले, "आपण सगळेच थांबून आहोत ना."