उभ्या इंजिनाची पूजा

बापूरावजींचा हात चावीवर गेला आणि मी ओरडलो, "थांबा जी!"

शहराच्या नंदनवन भागातल्या माझ्या गॅरेजात त्यांची जुनी जीप नव्यानं बांधलेलं इंजिन घेऊन उभी होती. नरखेडकडे त्यांची संत्र्याची बाग, सारी ने-आण या जीपवर. घरचे हार-नारळ घेऊन आले होते. बेत असा की इंजिन सुरू करायचं, ते मंद घुरघुरत असताना ओवाळायचं, नारळ फोडायचा. आमच्याकडे सगळे असंच करतात. अन् तिथंच सत्यानाश होतो.

कॅमशाफ्ट म्हणजे उंचवटे असलेला दांडा. तो फिरतो तसे व्हॉल्व्ह उघडतात. नवा कॅम आणि त्यावर घासणारे टॅपेट यांची जोडी पहिल्या वीसेक मिनिटांत जमते. तेव्हा इंजिन मंद ठेवलं तर कॅमवर तेल पुरेसं उडत नाही, उंचवटे खरवडले जातात. म्हणून सुरू होताच आरपीएम, म्हणजे मिनिटाचे फेरे, दोन हजारांच्या वर न्यायचे. हा कॅम जुन्या स्टॉकमधला शेवटचा होता. तो गेला की जीप भंगारात.

हे सगळं सांगितलं. बापूरावजी चिडले. "मले नको शिकवू गा. बंद इंजिनची पूजा? मुडद्याले ओवाळते का कोणी?"

गिऱ्हाईक आणि देव एका बाजूला, मी एकटा दुसऱ्या.

तेवढ्यात त्यांच्या घरच्या, शांताकाकू, आरतीचं ताट घेऊन पुढे आल्या. "अवो, पोळ्याले बैल वखराले जुंपून पुजता का? उभाच पुजता न? मंग हे बी उभंच पुजू."

बापूरावजींनी चावीवरचा हात काढला. ओवाळून झालं, नारळ फुटला. तेल, पाणी, टायमिंग मी आधीच बघून ठेवलं होतं, कारण सारखा स्टार्टर मारला तर बसवताना कॅमला लावलेली वंगणाची पेस्ट पुसून जाते.

"आता मारा."

पहिल्याच फटक्यात उचललं. मग वीस मिनिटं नुसती गर्जना. शेजारचे कान झाकून भांडायला आले, काकूंनी त्यांच्या हातावर खोबरं ठेवलं.

नंतर तेल काढून उजेडात धरलं. लोखंडाच्या कणांची चमक नाही. टॅपेटचा गॅपही होता तेवढाच, म्हणजे कॅम शाबूत. मी काकूंच्या पाया पडलो. जीप त्यांनी वाचवली, अन् माझी अब्रूही. हे उपकार मी विसरणार नाही.

यंदा पोळ्याला बापूरावजींनी जीप बैलांच्या रांगेत उभी केली म्हणे, हार घालून. मी फोनवर एवढंच विचारलं, "इंजिन?"

"बंद हाय गा," ते म्हणाले. "तुझी काकू बाजूलेच उभी हाय."